काउंटर तीन, लायसन्स किती?

आमच्या सरस्वतीपुरममध्ये केळी किलोवर मिळतात. लग्न होऊन सांगलीहून म्हैसूरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात गाडीवाल्याला मी "एक डझन द्या" म्हटलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. इथली येलक्की केळी बोटाएवढी. ती डझनावर घेतली तर नुकसान माझं, आणि मोठी पच्चबाळे डझनावर दिली तर नुकसान त्याचं. म्हणून त्याचा हिशोब तराजूचा. फळ तेच, पण माप कुठलं लावलं त्यावर कोणाचा खिसा हलका होणार ते ठरतं.

हे केळ्यांचं पुराण आजच्या विषयाला अगदी लागू आहे. विषय आहे दुकानातल्या बिलिंगच्या मागे जो डेटाबेस असतो त्याच्या लायसन्सचा खर्च. नाव ऐकून पान पुढे सरकवू नका. तुमच्या घरात कोणाचं किराणा, औषधांचं, कापडाचं, स्टेशनरीचं दुकान असेल तर हा खर्च आज ना उद्या दारात येणार आहे. आमच्या घरी तो गेल्या दसऱ्यात आला, आणि साडेनऊ लाखांचा आकडा घेऊन आला.

माझ्या दिरांचं प्रोव्हिजन स्टोअर आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. तीन काउंटर, आत एक छोटी खोली, त्यात सर्व्हर म्हणून वापरला जाणारा एक कॉम्प्युटर आणि भाऊजींच्या टेबलावर दुसरा. आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी म्हैसूरच्या दुकानांत काय गर्दी असते ते इथल्या माणसालाच कळेल. कडलेपुरी, म्हणजे आपले चुरमुरे आणि फुटाणे, लोक पोत्यांनी नेतात. शिवाय कुंकू, कापूर, लिंबं, कोहळे. त्यात त्या वर्षी २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदललेले, त्यामुळे आधीचा आठवडाभर प्रत्येक वस्तूचा दर सॉफ्टवेअरमध्ये तपासण्यात गेला होता. आणि संध्याकाळी सव्वासहाला तिन्ही काउंटर एकदम थांबले. बिल सेव्ह होईना. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, तिच्यात १०२४० एमबी असा आकडा.

"वहिनी, जरा येता का? सगळंच अडलंय," भाऊजींचा फोन. घर चार क्रॉस अलीकडे, पाच मिनिटांत पोचले. तोवर सासूबाईंनी जुनं बिलबुक काढून गल्ल्याशेजारी खुर्ची टाकली होती. वय अठ्ठ्याहत्तर, बेरीज तोंडी. तासाभरात त्यांनी किती बिलं फाडली ते मी मोजलं नाही, पण रांग हलत होती एवढं खरं.

मी नोकरीत सत्तावीस वर्षं डेटाबेसच सांभाळले, त्यामुळे ती ओळ वाचल्यावर काय झालं ते कळलं. पण भाऊजींना ते कळायचं कारण नव्हतं. त्यांनी दुकानाला सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला फोन केला, आणि त्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी कोटेशन पाठवलं. नवा सर्व्हर, डेटाबेसचं 'स्टँडर्ड' लायसन्स चार कोअरसाठी, बसवण्याची मजुरी, वर १८ टक्के जीएसटी. एकूण साडेनऊ लाख. किराण्याच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण किती असतं ते मी सांगायला नको. पुतणीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ठेव मोडावी लागणार हे भाऊजींनी मनाशी धरूनही टाकलं होतं.

आता झालं काय होतं ते सांगते.

बिलिंगचं सॉफ्टवेअर ही एक वस्तू आणि तिच्या खालचा डेटाबेस ही दुसरी. पहिली म्हणजे काउंटरवरचा पडदा: वस्तू निवडा, वजन टाका, बिल छापा. दुसरी म्हणजे आतली रोजकीर्द आणि खतावणी, जिथे प्रत्येक बिलाची प्रत्येक ओळ जाऊन बसते. दोन्हींचे मालक बहुधा वेगळे, लायसन्सही वेगळी. दुकानदार पहिल्याचे पैसे मोजतो आणि दुसरं त्यात आपोआप आलं असं समजतो. पुष्कळदा ते फुकटच आलेलं असतं, आणि फुकट असण्यालाही अटी असतात.

आपल्याकडच्या खूप बिलिंग सॉफ्टवेअरच्या खाली मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असतो. त्याची 'एक्स्प्रेस' नावाची एडिशन फुकट आहे, धंद्यासाठी वापरायलाही. भाऊजींच्या दुकानात तीच होती, २०१४ ची आवृत्ती. फुकटच्या या एडिशनमध्ये एका डेटाबेसची फाइल १० जीबीपर्यंतच वाढते. दहा जीबी म्हणजेच १०२४० एमबी. ती रेघ गाठली की नवीन काही लिहायला जागा मिळत नाही. जुनं वाचता येतं, पण नवं बिल होत नाही. आणि रेघ गाठण्याचा क्षण गर्दीच्या वेळीच येणार, कारण गर्दीतच तर सगळ्यांत जास्त बिलं होतात.

आणखी एक अट फार कोणी सांगत नाही. ही फुकट एडिशन एका प्रोसेसरचे जास्तीत जास्त चार कोअर वापरते, आणि डेटा हाताशी ठेवायला साधारण १४०० एमबी मेमरी. तुम्ही ३२ जीबी मेमरीचा सर्व्हर आणलात तरी तिला त्याचं काही नाही. मग 'बिलिंग हळू चालतंय, मोठा सर्व्हर घ्या' असा सल्ला मिळाला तर आधी एडिशन कुठली ते विचारा. पाहायला सोपं आहे. विंडोजमधल्या सर्व्हिसेसच्या यादीत एसक्यूएल सर्व्हरच्या पुढे कंसात एसक्यूएलएक्स्प्रेस असं दिसलं तर बहुधा हीच.

त्या रात्री दहाला दुकान बंद झाल्यावर आम्ही तात्पुरता उपाय केला. मर्यादा एका डेटाबेसला आहे, दुकानाला नाही. बिलिंगमध्ये नवीन 'कंपनी' उघडली की खाली नवा डेटाबेस तयार होतो. तो उघडला, वस्तूंची यादी आणि शिल्लक माल त्यात घेतला. जीएसटीच्या नियमांत बिलांचे क्रमांक ओळीने हवेत, पण एकापेक्षा जास्त मालिका चालतात. म्हणून नव्या बिलांना वेगळं अक्षर लावलं. सकाळी कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचा हार घालून पूजा झाली आणि काउंटर सुरू.

आता ते कोटेशन. इथे केळी आणि डझन आठवा.

एसक्यूएल सर्व्हरचं 'स्टँडर्ड' दोन मापांनी विकत मिळतं. पहिलं माप कोअरचं. प्रोसेसरच्या आत जी मोजता येणारी मेंदूची खणं असतात ती कोअर. २०१२ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने हे माप आणलं. त्याआधी अख्खा प्रोसेसर मोजत, पण एकेका प्रोसेसरमध्ये कोअर वाढत गेले तसं माप बदललं. लायसन्स दोन-दोन कोअरच्या जोडीने मिळतं आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान चार कोअर घ्यावेच लागतात. २०२२ च्या आवृत्तीची अमेरिकेतली छापील किंमत जोडीला ३,९४५ डॉलर. दोन जोड्या, ७,८९० डॉलर. डॉलरला ८८ रुपये धरले तर जवळपास ७ लाख रुपये. या मापात किती माणसं, किती काउंटर, काही मोजत नाहीत.

दुसरं माप सर्व्हर आणि 'कॅल'चं. कॅल म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स, डेटाबेसपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाची परवानगी. सर्व्हरचं लायसन्स ९८९ डॉलर, वर प्रत्येक कॅल २३० डॉलर. भाऊजींचे काउंटर तीन, आत टेबलावरचा एक कॉम्प्युटर, म्हणजे चार कॅल. ९८९ अधिक ९२० बरोबर १,९०९ डॉलर. रुपयांत सुमारे १ लाख ६८ हजार.

तेच सॉफ्टवेअर, तेच दुकान. एका मापाने ७ लाख, दुसऱ्याने पावणेदोन लाखांच्या आत. तुमच्या विक्रेत्याची किंमत थोडी इकडेतिकडे असेल, पण प्रमाण फारसं बदलत नाही. मी कागदावर गणित केलं तर तीस कॅलपर्यंत दुसरं माप स्वस्त पडतं: ३० गुणिले २३० म्हणजे ६,९००, त्यात ९८९ मिळवले की ७,८८९. कोअरपेक्षा एक डॉलर कमी! एकतिसाव्याला पारडं फिरतं. तीस कॉम्प्युटर असलेलं किराणा दुकान सरस्वतीपुरममध्ये तरी मी पाहिलेलं नाही.

कॅलमध्येही दोन जाती आहेत, आणि दुकानदाराने ही गोष्ट नीट समजून घ्यावी. एक यंत्राची, एक माणसाची. तीन काउंटरवर सकाळ-संध्याकाळ मिळून सहा मुली बसत असतील तर यंत्राचे कॅल घ्या, तीनच लागतील. उलट एकच मालक दुकानातला कॉम्प्युटर, घरचा लॅपटॉप आणि फोन अशा तिन्हींवरून हिशोब बघत असेल तर त्याच्यासाठी माणसाचं एक कॅल पुरतं. काउंटरला वायरने जोडलेली बारकोडची बंदूक वेगळी मोजायची नाही. पण माल मोजायला हातात घेऊन फिरायचं जे यंत्र स्वतः डेटाबेसशी बोलतं, ते मोजायचं. आणि मध्ये दुसरं सॉफ्टवेअर बसवून 'डेटाबेसशी तर एकच जण बोलतो' असं म्हणता येत नाही. शेवटच्या टोकाला किती यंत्रं किंवा माणसं आहेत तेच धरतात. म्हणून गिऱ्हाइकांना घरबसल्या मागणी नोंदवायचं अ‍ॅप द्यायचं असेल आणि ते याच डेटाबेसला जोडलेलं असेल, तर मोजणीच अशक्य होते. तिथे कोअरचं माप बरोबर.

म्हणजे कोअरचं कोटेशन देणारा माणूस लबाडच असतो असं नाही. आमच्या बाबतीत त्याने कदाचित मोठ्या दुकानाचं जुनं कोटेशन उचलून नाव बदललं असेल. मी भाऊजींना एवढंच म्हटलं, "विचारा त्याला, माप कुठलं आणि का." फोनवर तो जरा थांबला आणि म्हणाला, "कॅलमध्येही करता येईल, सर." सर्व्हरही मग आपोआप छोटा झाला.

पण मला मुळात विकत घ्यायचं का, हाच प्रश्न होता. मी त्या भरलेल्या डेटाबेसच्या आत पाहिलं. दिवसाला साधारण ४०० बिलं, बिलात सरासरी १२ ओळी, म्हणजे ४,८०० ओळी. वर्षाला सतरा लाखांच्या आसपास. ऐकायला अफाट वाटतं. पण एक ओळ, तिच्या सूचीसकट, ३०० बाइट धरली तरी वर्षाचा अर्धा जीबी होतो. दुकानात हे सॉफ्टवेअर आलं त्याला आठ वर्षं झाली, म्हणजे सगळी विक्री मिळून चार जीबी. मग उरलेले सहा कशाचे?

फोटोंचे! तीन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आली होती, खरेदीच्या बिलाचा फोटो काढून नोंदीला जोडायची. भाऊजी शिस्तीचे. रोजची पंधरा-वीस खरेदीची बिलं ते नेमाने फोटो काढून जोडत होते. प्रत्येक फोटो तीन-चारशे केबीचा. दिवसाला सहा एमबी, वर्षाला दोन जीबी. पोळ्यांचा डबा वर्तमानपत्राच्या रद्दीने भरला होता, आणि आम्हाला मोठा डबा घ्यायला सांगितलं जात होतं.

फोटो डेटाबेसच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये ठेवता येतात. डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता. हे करायला सॉफ्टवेअरवाल्याने आधी 'होत नाही' म्हटलं, मग 'सेटिंगमध्ये आहे' म्हटलं. जुने फोटो बाहेर काढायला आमच्या ओळखीचा एक तरुण दोन दिवस बसला. त्याची मजुरी सहा हजार.

मधल्या काळात सल्ले पुष्कळ आले, तेही सांगून ठेवते, कारण तुम्हालाही येतील.

एकाने म्हटलं, जुना डेटा उडवून टाका, कोण बघतंय? जीएसटीत वह्या आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. सहा वर्षं. उडवलं आणि नोटीस आली तर दाखवणार काय?

दुसऱ्याने 'डेव्हलपर' एडिशन बसवून देतो म्हटलं. ती खरोखर फुकट असते आणि तिच्यात सगळ्यांत महागड्या एडिशनची सगळी कामं असतात, आकाराची मर्यादाही नाही. पण ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना बनवण्या-तपासण्यापुरती दिलेली आहे. तिच्यावर प्रत्यक्ष दुकानाची बिलं करणं लायसन्सच्या बाहेर. 'इव्हॅल्युएशन' म्हणून आणखी एक मिळते, ती १८० दिवसांनी बंद पडते. बसवणाऱ्याचे पैसे मिळालेले असतात, बंद पडताना तो फोन उचलेलच असं नाही. तिसरा तर पंधराशे रुपयांत क्रॅक देणार होता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३ब कलम आहे. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड असं ते सांगतं. दुकानात जबाबदारी वापरणाऱ्याची. क्रॅक देणारा तोवर दुसऱ्या गल्लीत.

भाऊजींचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. "टॅलीला हे सगळं का लागत नाही हो, वहिनी?" प्रश्न चांगला. टॅली आपल्या राज्यातली, बंगळूरची. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी सुरू केली, वडिलांच्या स्वतःच्या धंद्याचा हिशोब ठेवायला धड सॉफ्टवेअर मिळेना म्हणून. टॅलीचा डेटा तिच्या स्वतःच्या पद्धतीच्या फाइलींमध्ये राहतो, खाली दुसऱ्या कंपनीचा डेटाबेस नसतो. म्हणून लायसन्स एकच. माप मात्र तिलाही आहे: 'सिल्व्हर' एका कॉम्प्युटरला, 'गोल्ड' एका नेटवर्कमधल्या कितीही कॉम्प्युटरना. मी शेवटची पाहिलेली किंमत सिल्व्हर २२,५०० आणि गोल्ड ६७,५००, अधिक जीएसटी. बरोबर तिप्पट. म्हणजे दोन कॉम्प्युटर असतील तरी तिघांची किंमत, आणि दहा असतील तरी तीच. हेही केळ्यांसारखंच.

ओरॅकलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते मोठ्या साखळी दुकानांच्या आणि बँकांच्या कामाचं. एंटरप्राइझ एडिशनची छापील किंमत प्रोसेसरला ४७,५०० डॉलर आणि दर वर्षी देखभालीचे वर २२ टक्के. आपल्या गल्लीतल्या दुकानाला त्याचं काम नाही, पुढे जाऊ.

आणि अगदीच लायसन्सचे पैसे नसलेलेही डेटाबेस आहेत. पोस्टग्रेस हा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या कामातून आलेला. मारियाडीबी हा मायएसक्यूएलचा धाकटा भाऊ. खरं तर बहीण म्हणायला हवं, कारण बनवणाऱ्या मॉन्टी विडेनियस यांनी दोघांना आपल्या मुलींची नावं दिली, मोठी माय आणि धाकटी मारिया. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मारियाडीबीवर चालतं, दुकानाचं बिलिंगही त्यात होतं. इथे कोअर, कॅल, जीबी काही मोजायचं नाही. पण बिघडलं तर बघणारा माणूस हवा, आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. तो माणूस आपल्या गावात मिळतो का, हे आधी बघावं. हौसेने फुकटचं बसवून नंतर महिनाभर माणूस शोधत बसलेले दुकानदार मी पाहिले आहेत.

ज्यांना हे सगळं परकं वाटतंय त्यांच्यासाठी एक गंमत. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्या आतही एक फुकटचा डेटाबेस आहे, एसक्यूलाइट. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी २००० मध्ये तो बनवला आणि हक्कच सोडून दिला, कोणीही वापरा. फोनमधल्या तुमच्या नंबरांच्या याद्या, मेसेज त्यातच राहतात. एका काउंटरच्या छोट्या दुकानाचं बिलिंग त्यावर खुशाल चालेल. एकाच वेळी चार काउंटरवरून लिहायचं असेल तर मात्र तो त्या कामाचा नाही.

महिन्याच्या भाड्याने मिळणारं, इंटरनेटवरचं बिलिंगही आहे. त्यात डेटाबेसची चिंता त्यांची. गणित मात्र पाच वर्षांचं करा. समजा काउंटरला महिना ५०० रुपये, तीन काउंटर, बारा महिने, पाच वर्षं: नव्वद हजार. वाईट नाही. पण भाडं थांबवलं की आपली खतावणी आपल्याला कशात मिळणार, एक्सेलमध्ये की नुसती पीडीएफमध्ये, हे आधी लेखी घ्या. माझ्या मते हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा आहे.

विक्रेता 'लायसन्स आमच्या सॉफ्टवेअरमध्येच धरलंय' म्हणाला तर तेही शक्य असतं. सॉफ्टवेअर बनवणारे मायक्रोसॉफ्टशी करार करून डेटाबेस आपल्या मालासोबत देऊ शकतात. अशा लायसन्सवर फक्त तेच एक सॉफ्टवेअर चालवायचं. पण कागद मागा. तोंडी धरलेलं धरू नका.

आमच्या या सगळ्या धावपळीत खरी धडकी भरवणारी गोष्ट लायसन्सची नव्हतीच. बॅकअप पाहिले तर शेवटचा अकरा महिन्यांपूर्वीचा, आणि तोही त्याच डिस्कवर! एक्स्प्रेस एडिशनमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप काम करणारा तो 'एजंट' नसतो. तो पैसे देऊन घ्यायच्या एडिशनमध्ये असतो. बसवणाऱ्याने एकदा हाताने बॅकअप घेतला, नंतर कोणी घेतलाच नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रोज रात्री साडेदहाला बॅकअप लावता येतो, पैसे लागत नाहीत. आता तो लावला आहे. दोन बाहेरच्या डिस्क आणल्या, एक दुकानात, एक आमच्या घरी देवघराच्या कपाटात. दर सोमवारी अदलाबदल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एसक्यूएल सर्व्हरची नवी आवृत्ती आली आणि तिच्या फुकट एक्स्प्रेसची मर्यादा १० वरून ५० जीबी झाली. भाऊजींच्या दुकानाला विक्रीच्या वेगाने पन्नास जीबी भरायला पुतणीची मुलं इंजिनिअर व्हावी लागतील. आमच्या २०१४ च्या आवृत्तीची सुरक्षेची दुरुस्ती ९ जुलै २०२४ लाच थांबली आहे, तेव्हा बदलायला हवंच. सॉफ्टवेअरवाला म्हणतो की त्याचं बिलिंग नव्या आवृत्तीवर तपासून व्हायचं आहे. मार्चच्या हिशोबाच्या आधी नको, उगादीनंतर करू, असं ठरलं आहे.

ठेव मोडली नाही. एकूण खर्च त्या तरुणाची मजुरी, दोन डिस्क आणि त्या संध्याकाळी बिलबुकावर लिहिलेल्या दोन चुकीच्या बेरजा. त्या सासूबाईंच्या नव्हेत, भाऊजींच्या.

काउंटरमागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या प्रत्येक महिन्याच्या एक तारखेच्या चौकोनात आता भाऊजी पेन्सिलीने डेटाबेसचा आकार लिहितात. जानेवारीत ४.३, फेब्रुवारीतही ४.३. मार्चच्या चौकोनात ४.४ लिहून त्यांनी पुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं होतं.